मक्तेदारीचा दाखला आणि शेअरचा भाव : मायक्रोसॉफ्ट, 1986 ते 2016

13 मार्च 1986 अशी तारीख असलेल्या एका माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर 27 लाख 95 हजार शेअर विक्रीस काढल्याचे आणि एका शेअरची किंमत 21 डॉलर असल्याचे छापले आहे. त्यांतले 20 लाख शेअर कंपनी स्वतः विकत होती, उरलेले 7 लाख 95 हजार जुने भागधारक. अंडररायटर दोन : गोल्डमन सॅक्स आणि ॲलेक्स ब्राउन अँड सन्स. कंपनीने त्याच वर्षी फेब्रुवारीत बेलव्ह्यूहून जवळच्या रेडमंडला बिऱ्हाड हलवले होते. नाव मायक्रोसॉफ्ट.

शेअरबाजाराच्या गप्पांत या दिवसाची गोष्ट ठरलेली असते : तेव्हा हजार डॉलर टाकले असते तर आज किती झाले असते. पुढे एक आकडा येतो, ऐकणारे उसासा टाकतात आणि विषय संपतो. या गोष्टीत सॉफ्टवेअरच्या बाजारावरचे वर्चस्व आणि शेअरची वाढ ही एकाच रुळावरून निघाल्यासारखी वाटतात. ज्याने वर्चस्व आधी ओळखले त्याने पैसा केला, असा त्यातला गृहीत अर्थ. मला हा अर्थ कागदांशी ताडून पाहायचा आहे. कागद भरपूर उरले आहेत. माहितीपत्रक आहे, वार्षिक अहवाल आहेत, न्यायालयापुढे पुरावा म्हणून आलेली अंतर्गत टिपणे आहेत, न्यायाधीशाने नोंदवलेली वस्तुस्थिती आहे आणि रोजचे बंद भाव आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागदाला जास्त वजन दिले. इथेही तोच दंडक लावायला हवा, कारण आज पडद्यावर दिसणारा शेअरचा आलेख ही एक बखरच आहे. घटना घडून गेल्यावर, शेवट ठाऊक असताना रचलेली.

हे म्हणणे अंगावर येण्याआधी स्पष्ट करतो. आजच्या आलेखाच्या मापात मार्च 1986 चा तो विक्रीभाव सुमारे 7 सेंट भरतो. त्या दिवशी कोणीही 7 सेंटाला शेअर घेतलेला नाही. 21 डॉलर मोजले, आणि ज्यांना वाटपात मिळाला नाही त्यांनी त्याहून जास्त. फरक पडतो तो स्प्लिटमुळे. मायक्रोसॉफ्टचा शेअर 1987 ते 2003 या काळात नऊ वेळा विभागला गेला, सात वेळा एकाचे दोन आणि दोन वेळा दोनाचे तीन. 1986 चा एक शेअर म्हणजे 2003 नंतरचे 288. आलेख काढणारे मागचे सगळे भाव 288 ने, किंवा त्या त्या वेळच्या योग्य आकड्याने, भागून टाकतात. गणित चोख आहे, पण त्या भागाकारात घेणाऱ्याचा निर्णय पुसला जातो. 21 डॉलर हा भाव त्या सकाळी महाग वाटत होता की स्वस्त, हे 7 सेंटांवरून कळत नाही. जुन्या वर्तमानपत्रांतले भाव तर अपूर्णांकांत आहेत, कारण अमेरिकी बाजार 2001 पर्यंत आठव्या आणि सोळाव्या हिश्शात बोलत असे. या लेखात मूळ भावच मुख्य धरला आहे. जिथे आजच्या मापात सांगायची गरज पडली, तिथे तसे म्हटले आहे.

तर 1986. घेणाऱ्यासमोर काय होते?

जून 1985 ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री 14 कोटी 4 लाख डॉलर होती, नफा 2 कोटी 41 लाख. 21 डॉलर भावाने सगळ्या कंपनीची किंमत सुमारे 52 कोटी डॉलर होत होती, म्हणजे आदल्या वर्षाच्या नफ्याच्या एकवीस-बावीस पट. उत्पन्नाचा मोठा हिस्सा एमएस-डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमचा. तिचा इतिहास छोटा आणि स्वस्त आहे. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहानशा कंपनीत टिम पॅटर्सन यांनी ती लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने आधी 25 हजार डॉलर देऊन वापराचा परवाना घेतला आणि 27 जुलै 1981 च्या कराराने आणखी 50 हजार डॉलरला ती पुरती विकत घेतली. दोन आठवड्यांनी, 12 ऑगस्टला, आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. आयबीएमला ही प्रणाली वापरायला दिली, पण इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. पुढचे सगळे वैभव या एका हक्कावर उभे आहे. सिएटल कॉम्प्युटरने नंतर दावा लावला, तो 1986 च्या अखेरीस 9 लाख 25 हजार डॉलरवर मिटला.

पण म्हणून मार्च 1986 मध्ये मायक्रोसॉफ्ट बाजारावर राज्य करत होती असे समजू नये. पीसी सॉफ्टवेअरमधली सर्वांत मोठी कंपनी तेव्हा लोटस होती. तिची 1985 ची विक्री 22 कोटी 50 लाख डॉलरच्या घरात होती, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दीडपटीहून अधिक. कचेऱ्यांमध्ये लोक पीसी घेत होते तो लोटस 1-2-3 चालवण्यासाठी. विंडोज बाजारात येऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि तिची फारशी कोणी दखल घेतली नव्हती. आयबीएमशी नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ऑगस्ट 1985 मध्ये संयुक्त करार झाला होता; तो कोणाला तारणार आणि कोणाला मारणार हे कोणालाच दिसत नव्हते. ‘वर्चस्व पाहून शेअर घ्यावा’ हा नियम 1986 मध्ये कोणी प्रामाणिकपणे पाळला असता, तर त्याने लोटसचा शेअर घेतला असता. लोटस पुढे 1995 मध्ये आयबीएमने साडेतीन अब्ज डॉलरला विकत घेतली. भागधारकांचे नुकसान झाले नाही, पण आज कोणी लोटसची गोष्ट सांगून उसासा टाकत नाही.

कंपनी बाजारात उतरण्यामागेही दिग्विजयाचा बेत नव्हता. ‘फॉर्च्युन’ मासिकाच्या ब्रो अटल या पत्रकाराला या सगळ्या घडामोडी आतून पाहू दिल्या गेल्या होत्या. त्यांचा लेख 21 जुलै 1986 च्या अंकात आला. समकालीन साधन म्हणून त्याला तोड नाही. त्यावरून दिसते की बिल गेट्स यांना शेअरविक्रीची घाई नव्हतीच. कर्मचाऱ्यांना शेअर-पर्याय, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे हक्क, वाटत गेल्याने भागधारकांची संख्या लवकरच 500 च्या वर जाणार होती आणि तसे झाले की कायद्यानेच नोंदणी करावी लागली असती. जे टळणार नाही ते आपल्या सोयीने उरकावे, एवढाच हिशेब. सुरुवातीला भावाचा पट्टा 16 ते 19 डॉलर होता. मागणी पाहून तो चढला आणि 21 वर ठरला. अंडररायटरांच्या कमिशनवर शेवटच्या क्षणी शेअरमागे काही सेंटांवरून घासाघीस झाली. पहिल्या दिवशी 25 लाखांच्या आसपास शेअर हातोहात फिरले आणि भाव 27.75 वर बंद झाला.

यापुढची नऊ-दहा वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण त्या वर्षांबद्दल वाद नाही. 1990 च्या मे महिन्यात विंडोज 3.0 आली आणि आयबीएमशी असलेली सोयरीक तुटली. विक्री वाढली, शेअर दर दीड-दोन वर्षांनी विभागला जाऊ लागला. भाव आणि धंदा तेव्हा खरोखरच एकमेकांचा हात धरून चालत होते. गोष्ट गुंतागुंतीची होते ती 1995 पासून.

26 मे 1995 रोजी गेट्स यांनी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना एक लांबलचक टिपण पाठवले. त्याचा विषय होता इंटरनेटची भरतीची लाट. पुढे सरकारने लावलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हे टिपण पुराव्यात दाखल झाले, म्हणून ते आपल्याला वाचायला मिळते. त्यात गेट्स म्हणतात की 1981 च्या आयबीएम पीसीनंतरची ही सर्वांत महत्त्वाची घडामोड आहे आणि यापुढे इंटरनेटला सर्वोच्च अग्रक्रम आहे. नेटस्केप या नव्या प्रतिस्पर्ध्याचे नावही त्यात येते. ब्राउझरच्या वापरात तिचा वाटा 70 टक्के असल्याची नोंद आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच दुय्यम होऊन बसेल, ही भीती ओळींमधून स्वच्छ वाचता येते.

समजा, हे टिपण त्याच आठवड्यात एखाद्या गुंतवणूकदाराच्या हाती पडले असते. त्याने काय केले असते? साहजिकच मायक्रोसॉफ्ट विकून नेटस्केपची वाट पाहिली असती. 9 ऑगस्टला नेटस्केपचा शेअर 28 डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी 58.25 वर बंद झाला. कंपनीला तेव्हा नफाही होत नव्हता. नोव्हेंबरात गोल्डमन सॅक्सने, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी हाच शेअर बाजारात आणणाऱ्या पेढीने, इंटरनेटच्या धास्तीने मायक्रोसॉफ्ट आपल्या खरेदीच्या शिफारसयादीतून काढून टाकला. तर्कात खोट काढता येत नाही. धोका कंपनीच्या संस्थापकानेच लेखी कबूल केला होता, विश्लेषकांनी तो स्वतंत्रपणे ओळखला होता. आणि तरीही 1995 अखेर ते 1999 अखेर या चार वर्षांत मायक्रोसॉफ्टचा शेअर, स्प्लिटचा हिशेब धरून, दसपटीहून अधिक चढला. नेटस्केप 1998 च्या नोव्हेंबरात एओएल या इंटरनेट कंपनीच्या झोळीत गेली. धोका ओळखणारे चुकले नव्हते. त्या धोक्यावर मायक्रोसॉफ्ट काय उतारा काढील आणि किती निष्ठुरपणे, हे टिपणात लिहिलेले नव्हते. ते पुढे न्यायालयात बाहेर आले.

1997 चा एक पत्रव्यवहार याहून बोलका आहे. मायक्रोसॉफ्टमधले वरिष्ठ अधिकारी जेफ राइक्स यांनी ऑगस्टमध्ये गुंतवणूकदार वॉरन बफे यांना ईमेल लिहून आपल्या कंपनीचा धंदा बफेंच्या भाषेत समजावून सांगितला : टोलनाका आहे, पीसी कोणीही बनवो, आमचा टोल भरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. बफेंनी चारच दिवसांत उत्तर दिले. आयोवा राज्यातल्या ग्राहकांच्या एका दाव्यात ही दोन्ही पत्रे बाहेर आली. बफेंना धंदा पुरता कळला होता, हे उत्तरावरून निःसंशय दिसते. पण वीस वर्षांनंतरही हा नाका इथेच असेल, असे आपण किती खात्रीने म्हणू शकतो, याचा अंदाज आपल्याला बांधता येत नाही, असे ते लिहितात. शेअर त्यांनी घेतला नाही.

या नकाराबद्दल बफेंची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी पुढचे भाव जरा शेवटपर्यंत पाहावेत. 1997 अखेरचा बंद भाव 129 आणि एक चतुर्थांश डॉलर होता. आजच्या मापात 16 डॉलरांच्या किंचित वर. दोन वर्षांत तो साडेतीन पटीहून अधिक झाला, हे खरे. आणि मार्च 2009 मध्ये तो 15.15 होता, हेही खरे. टोलनाका मात्र त्या सगळ्या काळात जागचा हलला नव्हता.

आता 1999 च्या शरद ऋतूतले अडीच-तीन महिने. या लेखाचे सगळे वजन इथे आहे, म्हणून तारखा एकेक करून घेऊ.

23 सप्टेंबर 1999. सिएटलमध्ये अर्थपत्रकारांच्या संमेलनात मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष स्टीव्ह बामर बोलत होते. तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरचे भाव इतके फुगले आहेत की ते हास्यास्पद आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आमच्या कंपनीचा शेअरही मी त्यातच धरतो, अशी पुस्तीही जोडली. त्या दिवशी नॅस्डॅक निर्देशांक 108 अंकांनी कोसळला आणि मायक्रोसॉफ्ट 91 डॉलरांवर आला. कंपनीचा अध्यक्ष आपल्याच शेअरला महाग म्हणतो, हा प्रकार रोज घडत नाही. त्याच्याइतकी आतली माहिती असलेली माणसे त्या दिवशी जगात दोन-चारच असतील.

1 नोव्हेंबर. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल हे नॅस्डॅकवरचे पहिले शेअर डाऊ जोन्स निर्देशांकात दाखल झाले. शंभर वर्षांच्या त्या पंगतीत आता सॉफ्टवेअरलाही पाट मांडला गेला.

5 नोव्हेंबर, शुक्रवार. बाजार बंद झाल्यावर वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी सरकार विरुद्ध मायक्रोसॉफ्ट या खटल्यातली आपली वस्तुस्थितीची नोंद जाहीर केली. 412 परिच्छेद आहेत. पस्तिसाव्या परिच्छेदात ते लिहितात की इंटेलच्या धाटणीच्या पीसींसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजारात गेल्या दशकात दर वर्षी मायक्रोसॉफ्टचा वाटा 90 टक्क्यांच्या वर राहिला आहे, अलीकडची दोनेक वर्षे तर किमान 95. ॲपलची प्रणाली मोजणीत घेतली तरी तो 80 टक्क्यांच्या बराच वर उरतो. हे असे का, याचे स्पष्टीकरण पुढे येते आणि ते फार नेटके आहे. लोक ती ऑपरेटिंग सिस्टिम घेतात जिच्यावर कार्यक्रम भरपूर चालतात. कार्यक्रम लिहिणारे त्या प्रणालीसाठी लिहितात जिच्याकडे लोक भरपूर आहेत. विंडोजवर 70 हजारांहून अधिक कार्यक्रम चालत होते. आयबीएमने ओएस/2 वॉर्पवर कोट्यवधी डॉलर ओतले, तरी ऐन भरात तिच्यावर अडीच हजारांच्या आसपास कार्यक्रम आणि बाजारातला वाटा 10 टक्के. एवढ्यावर आयबीएमसारख्या धनाढ्य कंपनीने हात टेकले.

त्रेसष्टाव्या परिच्छेदात तर कंपनीचाच एक कागद उलगडून दाखवला आहे. नोव्हेंबर 1997 च्या एका अंतर्गत अभ्यासात जुन्या विंडोजवरून विंडोज 98 वर येण्याच्या अपग्रेडसाठी कोणती किंमत लावावी याची चर्चा होती. 49 डॉलरने काम भागले असते. 49 मध्ये धंदा तोट्यात गेला असता असे मानायला जागा नाही, असे न्यायाधीश म्हणतात. पण सर्वांत जास्त उत्पन्न देणारी किंमत म्हणून त्या अभ्यासाने 89 डॉलर हा आकडा काढला. स्पर्धकांच्या किमतीचा विचार न करता आपला भाव आपण ठरवायचा, म्हणजे काय, याचे याहून जवळून घेतलेले चित्र मला कुठे आढळले नाही.

वर्चस्वाचा याहून पक्का दाखला मिळणे शक्य नाही. विश्लेषकाचा अंदाज नव्हे, कंपनीची जाहिरात नव्हे. शपथेवरच्या साक्षी आणि कंपनीचे स्वतःचे दफ्तर तपासून फेडरल न्यायाधीशाने दिलेला निर्वाळा. अशा नोंदीने शेअर कोसळेल अशी अटकळ होती. सोमवारी, 8 नोव्हेंबरला, तो दोन टक्क्यांच्या आसपास उतरला आणि 90 च्या जरासा खाली बंद झाला. मग चढू लागला. बाजाराने हा निकाल बहुधा न्यायाधीशाच्या मनात नसलेल्या अर्थाने वाचला असावा. मक्तेदारी इतकी अभेद्य असेल तर ती विकत का घेऊ नये?

27 डिसेंबर 1999. बंद भाव 119 आणि एक अष्टमांश. 1986 च्या एका शेअरचे तोवर 144 झाले होते. 21 डॉलरचे 17 हजार 154. कंपनीचे बाजारमूल्य 600 अब्ज डॉलरच्या पलीकडे गेले. जून 1999 ला संपलेल्या वर्षाचा नफा 7.79 अब्ज, विक्री 19.75 अब्ज. नफ्याच्या जवळपास 80 पट, विक्रीच्या तीस पटींहून अधिक. माहितीपत्रकाच्या दिवशी हीच कंपनी नफ्याच्या एकवीस-बावीस पटीला मिळत होती, हे इथे आठवावे. 1986 मध्ये वर्चस्व सिद्ध झालेले नव्हते आणि किंमत मध्यम होती. 1999 मध्ये वर्चस्व न्यायालयात सिद्ध झाले होते आणि त्याची किंमत आधीच वसूल केली जात होती.

पुढचा उतार लोकांना बऱ्यापैकी माहीत आहे. 3 एप्रिल 2000 रोजी जॅक्सन यांनी कायद्याचा भंग झाल्याचा निष्कर्ष दिला. शेअर एका दिवसात 15 डॉलरहून अधिक घसरून 90 आणि सात अष्टमांशावर आला. जूनमध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम निघाला. वर्षअखेरचा भाव 43 आणि तीन अष्टमांश.

या उतारावरचा एक कमी चर्चिलेला कागद मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एप्रिल 2000 मध्ये शेअर पडल्यावर कर्मचाऱ्यांचे मन राखण्यासाठी बामर यांनी सर्वांना जादा शेअर-पर्याय दिले. बामर जानेवारीपासून कंपनीचे मुख्याधिकारी झाले होते. पर्यायाची किंमत ठरली 24 एप्रिलच्या बंद भावाची, 66 आणि पाच अष्टमांश. त्या दिवशी तो भाव पडेल किमतीचा वाटला असणार. शिखरापासून जवळजवळ निम्म्यावर आला होता. वर्ष संपायच्या आत तो आणखी तिसऱ्या हिश्श्याने घसरला. जुलै 2003 मध्ये कंपनीने शेअर-पर्याय देणे बंद केले, त्याऐवजी थेट शेअर द्यायचे ठरवले आणि ज्या पर्यायांची किंमत 33 डॉलर किंवा अधिक होती ते जे. पी. मॉर्गनला विकून टाकण्याची मुभा दिली. 66 आणि पाच अष्टमांशाचा पर्याय त्या वर्षीच्या स्प्लिटनंतर 33 डॉलर 31 सेंटांचा झाला होता, म्हणजे तोही या भंगारात निघाला. रेडमंडला नोकरीसाठी गेलेल्या मराठी अभियंत्यांच्या घरांतही हा हिशेब त्या काळी मांडला गेला असेल. सप्टेंबर 1999 मध्ये शेअर महाग आहे हे ज्याने सर्वांआधी सांगितले, त्यालाच सात महिन्यांनी तो स्वस्त कधी झाला हे सांगता आले नाही. शिवाय सप्टेंबरात त्याचे ऐकून कोणी 91 ला शेअर विकला असता, तर डिसेंबरात 119 पाहून तो हळहळलाच असता.

मक्तेदारीचे काय झाले? 28 जून 2001 रोजी अपील न्यायालयाने तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला, जॅक्सन यांना खटल्यातून दूर केले, पण मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका कायम ठेवला. नोव्हेंबर 2002 मध्ये तडजोडीला मान्यता मिळाली. कंपनी अखंड राहिली. विंडोजचा टोल चालू राहिला. जून 2000 च्या वर्षात नफा 9.42 अब्ज डॉलर होता. जून 2009 च्या वर्षात, जगभर मंदी असताना, 14.57 अब्ज. दीडपट. आणि 9 मार्च 2009 चा बंद भाव 15.15, म्हणजे आजच्या मापातल्या 59.56 या शिखराचा चौथा हिस्सा. त्या आठवड्यातले कागद काळवंडलेले आहेत : विंडोज व्हिस्टाची फजिती, आयफोनचा धडाका, जानेवारीत जाहीर झालेली 5 हजारांपर्यंतची नोकरकपात. नफ्याच्या अवघ्या नऊ-दहा पटीला जगातला सर्वांत मोठा टोलनाका विकायला होता आणि गिऱ्हाईक नव्हते.

1999 च्या शिखरावर घेणाऱ्याला आपला भाव परत दिसला तो 21 ऑक्टोबर 2016 रोजी. बंद भाव 59.66. सोळा वर्षे दहा महिने. मधल्या काळात कंपनीची वार्षिक विक्री 23 अब्जांवरून 85 अब्जांवर गेली होती. शिखरावर घेणाऱ्याला लाभांश मिळाला, हे हिशेबात धरले पाहिजे. 2003 पासून, 2004 चा एकरकमी 3 डॉलरचा विशेष लाभांश धरून, शेअरमागे बाराएक डॉलर. तो पुन्हा गुंतवला नाही असे मानले तर त्याच्या हाती साधारण 72 डॉलर आले. याच काळात अमेरिकेतली महागाई 43 टक्क्यांच्या आसपास वाढली, 59.56 डॉलरची मूळ क्रयशक्ती राखायलाच 85 लागत होते. आणखी एक बारकावा. भाव शिखराला पोचला तरी कंपनीचे एकूण बाजारमूल्य त्या दिवशी 1999 च्या आकड्याच्या बरेच खाली होते, कारण मधल्या वर्षांत कंपनीने आपलेच पुष्कळ शेअर विकत घेऊन बाद केले होते. कंपनी म्हणून तिची 1999 ची किंमत ऑक्टोबर 2016 मध्येही भरून आलेली नव्हती.

त्यानंतरची चढण, क्लाउडची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची, अगदी अलीकडची आहे. तिचे कागद आज कोणाच्या तरी अंतर्गत टपालात पडून असतील. खटले उभे राहतील तेव्हा ते बाहेर येतील. जोवर ते येत नाहीत, तोवर त्या कालखंडावर लिहिणे हे इतिहासाचे काम नव्हे.

भारतात राहणाऱ्या सामान्य माणसाला हा शेअर 1986 मध्येही घेता येत नव्हता आणि 1999 मध्येही. रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठवण्याची उदार योजना फेब्रुवारी 2004 मध्ये आणली, तेव्हा मर्यादा वर्षाला 25 हजार डॉलर होती. आज ही खरेदी मोबाइलवरून पाच मिनिटांत होते. तेव्हा एवढीच विनंती : अमुक कंपनीची बाजारावर मक्तेदारी आहे असे सांगून कोणी शेअर सुचवला, तर मक्तेदारीवर वाद घालत बसू नका, ती बहुधा खरीच असेल. त्या दिवशीचे कंपनीचे बाजारमूल्य घ्या, शेवटच्या वार्षिक अहवालातल्या नफ्याने त्याला भागा, आणि उत्तर 22 च्या जवळ आहे की 80 च्या, ते आधी पाहा.